नेहमीप्रमाणे सुरू राहील

ग्लेब लुकोश्किनबद्दल पुस्तकांत जे छापून आलंय त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि त्या निम्म्याला जबाबदार मी आहे. पुस्तकांत लिहिलंय की त्याची पहिली तीनशे कामं १९८२ साली वरच्या हुकमावरून जाळण्यात आली. ती जाळायचं काम माझ्याकडे होतं. मी जाळली नाहीत. छत्तीस वर्षं ती माझ्या कपाटात, हिवाळ्याच्या रजयांखाली पडून होती आणि मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. शेवटी माझ्याच जिभेने घात केला.

मी रिम्मा सावेल्येव्ना. मॉस्कोत इझ्मायलोवोला अकरा इमारतींचा कारभार बघणारी एक गृहकचेरी होती, तिथे मी टायपिस्ट होते आणि त्यातल्याच एका इमारतीत राहायचे. ग्लेब आमच्याच बॉयलरघरात कामाला. माणूस चित्रकला शिकलेला, पण चित्रकार संघाने दारात उभं केलं नाही. बॉयलरघरात एक दिवस-रात्र काट्यांवर नजर ठेवायची आणि तीन दिवस घरी, म्हणून असले डोकेबाज लोक हटकून तिथेच भरती व्हायचे. आमच्याकडे एक बॉयलरवाला तर संस्कृत शिकत होता. ग्लेब काय करत होता ते मात्र कोणालाच कळत नव्हतं.

पाणी कधी बंद राहणार याची चिठ्ठी तो मला आणून द्यायचा. मी ती टाइप करायची, शिक्का मारायचा आणि दारादारांवर लावायला द्यायची. असल्या चिठ्ठ्या वाचतं कोण? बोटं आपली चालत असतात. एक्याऐंशीच्या मे महिन्यातही त्याने एक आणून दिली. मी अठ्ठावीस प्रती काढल्या, शिक्के मारले. मजकूर असा होता: "नागरिक भाडेकरूंना कळवण्यात येते की, दिनांक १४ मे रोजी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत गरम पाणी नेहमीप्रमाणे सुरू राहील."

चौदा तारखेला अकराच्या अकरा इमारतींनी पाणी भरलं. टब भरले, बादल्या भरल्या, सूपची पातेली, लोणच्याच्या बरण्या, कोणी तर पोराचा पॉटसुद्धा. दुपारपर्यंत वरच्या मजल्यांवर धार करंगळीएवढी झाली. लोक एकमेकांना म्हणत होते, "बघा, मी सांगितलं नव्हतं? जाणार म्हणजे जाणार!" पाणी काही गेलं नाही. सहा वाजता सगळ्यांनी टब मोकळे केले आणि कचेरीला शिव्या घातल्या.

आमचे साहेब झुबारेव. त्यांनी मला आत बोलावून नोटीस नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

"नोटीस आहे, साहेब."

"यात काय लिहिलंय?"

"पाणी येणार असं लिहिलंय."

"मग लिहिलंय कशाला?" ते ओरडले. बोनस गेला तो गेलाच.

मी तरातरा बॉयलरघरात गेले. ग्लेब चहा पीत बसला होता. म्हटलं, "मेल्या, माझ्या पोटावर पाय आणलास! एक खोटं माझ्या हातून टाइप करून घेतलंस."

"खोटं कुठाय, रिम्मा सावेल्येव्ना?" तो शांतपणे म्हणाला. "एकेक अक्षर खरं होतं. मी खोटं लिहीतच नाही."

त्यानंतर त्याने स्वतःसाठी एक जुना टाइपरायटर पैदा केला आणि मग काही विचारू नका. "गुरुवारी लिफ्ट चालू राहील" अशी पाटी लागली, तर सत्तरीच्या बाया बटाट्याच्या पिशव्या घेऊन आठ मजले चढल्या. "रविवारी अंगणात कोणतीही सभा नाही" अशी लागली, तर रविवारी चाळीस माणसं अंगणात हजर, सभा का नाही ते विचारायला. वर्षभर हे चाललं. शेवटी झुबारेव साहेबांनी मला फर्मावलं, हे सगळे कागद दारांवरून खरवडून गोळा करा, मला मोजून हिशेब द्या आणि जाळून टाका. मी तीनशे बारा कागद गोळा केले. जाळायला नेले आणि हात थबकला. चांगला जाड कागद होता हो! मागची बाजू कोरीकरकरीत. त्या काळी असा कागद दुकानात डोळ्यांना दिसत नव्हता. मी साहेबांना सांगितलं, जाळले. आणि गठ्ठा काखोटीला मारून घरी आणला. ग्लेबची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बॉयलरघरात झाली. त्यालाही वाटलं, जळाले.

बाकीचं तुम्हाला पुस्तकांत सापडेल. अठ्ठ्याऐंशी साली परदेशी लोक आले, ग्लेबच्या खोलीत बसून त्यांनी त्याच्या तोंडून "जाळलेल्या तीनशे नोटिसां"ची गोष्ट ऐकली आणि वेडे झाले. तो कोलोनला गेला. तिथे त्याने जर्मन भाषेत, जर्मन स्टेशनावर नोटीस लावली की आठ चाळीसची गाडी आठ चाळीसला सुटेल. लोकांनी वाचलं, मान डोलावली आणि आठ चाळीसला गाडीत बसले. सहा वर्षांत एकसुद्धा माणूस गोंधळला नाही. ग्लेब परत आला तेव्हा भाजी मंडईत भेटला. म्हणाला, "तिथे माझं काम होऊच शकत नाही, रिम्मा सावेल्येव्ना. ते लोक विश्वास ठेवतात." मग इकडे शिकवणं, चार प्रदर्शनं, एक बक्षीस, दोन बायका सोडून गेल्या. पण त्याचं नाव व्हायचं ते त्या जळलेल्या कागदांमुळेच. पुढची सगळी कामं म्हणजे त्या कामांची आठवण.

आता माझं ऐका.

माझा नवरा येफिम ट्राम चालवायचा. त्र्याऐंशी साली त्याच्या घशात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. माणूस वाचला, आवाज गेला. घरी आणलं तेव्हा मी त्याच्या उशाशी पेन्सिल ठेवली आणि कपाटातला तो गठ्ठा ठेवला. दुसरा कागद नव्हताच घरात. दीड वर्ष तो त्या कागदांच्या मागच्या बाजूवर माझ्याशी बोलला. आधी पुढची बाजू वाचायचा, खांदे हलवून आवाज न करता हसायचा, मग उलटून लिहायचा. "मीठ कमी." "खिडकी लाव." "ओरडू नकोस, आवाज गेलाय, कान नाही." "सतरा नंबरच्या वळणावर अजून घंटा वाजवतात का, विचार." "आज छान दिसतेस, कुठे चाललीस?" आमची भांडणंसुद्धा त्यात आहेत. माझी वाक्यं नाहीत, कारण मी तोंडाने बोलायचे. पण त्याचं एक वाक्य वाचलं की मी काय म्हटलं होतं ते मला आठवतं.

तो पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत गेला. जायच्या आठवडाभर आधी त्याने एक कागद लिहिला: "मी गेलो की ग्लेबचे कागद ग्लेबला दे. बिचाऱ्याकडे दुसरं काही नाही." मी म्हटलं, "देईन." शब्द दिला. मरणाऱ्या माणसाला शब्द दिला आणि तेहतीस वर्षं पाळला नाही. द्यायचे कसे? ते ग्लेबचे कागद उरलेच नव्हते. येफिमचा आवाज होता तो, सगळा, तेवढाच. मी स्वतःला सांगायचे, पुढच्या वर्षी देऊ. आणि ग्लेब मंडईत दिसला की पाठ फिरवून मुळे निवडायला लागायचे.

मग दोन हजार अठराच्या वसंतात फोन आला. एका मोठ्या संग्रहालयातून उल्याना नावाची मुलगी. ग्लेब अनिसिमोविच, म्हणजे आपला ग्लेबच, सत्तरीकडे चाललेत, त्यांच्या सगळ्या कामांचं प्रदर्शन भरवतोय, तुम्ही त्या काळच्या साक्षीदार, चार शब्द सांगा. गोड बोलत होती. म्हणाली, "ज्या कचेरीने एवढी कला राखेत घातली, तिथे काम करताना तुम्हाला काय वाटायचं?"

आणि माझं टाळकं सटकलं. "कोणी राखेत घातली? तुम्ही होता का तिथे? माझ्या कपाटात आहेत सगळे, तीनशे बारा!"

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

दोन दिवसांनी दोघं दारात. उल्याना तिशीची, आणि ग्लेब, पांढरी दाढी, गुडघा धरून जिना चढलेला. हातात केक. मी चहा ठेवला, काळ्या बेरींचा मुरंबा काढला, त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. ग्लेब माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही जाळले नाहीत?"

"नाही."

"आणि मी जगभर सांगत फिरलो, जाळले म्हणून. पहिल्यांदाच खोटं बोललो आणि तेही न कळत!" तो हसला, पण डोळे भरलेले.

मी गठ्ठा आणला. येफिमच्या शेवटच्या इच्छेचा तो एक कागद मी आधीच काढून एप्रनच्या खिशात घातला होता. उल्यानाने पांढरे हातमोजे चढवले. पहिला कागद, दुसरा, तिसरा. ग्लेब प्रत्येक कागदाला बोट न लावता नमस्कार केल्यासारखा वाकत होता. "लिफ्ट! ही लिफ्टची! अरे देवा, आणि ही सभेची, चिकटपट्टीसकट!" एकोणसत्तर वर्षांचा माणूस टुणटुण उडत होता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग उल्यानाने एक कागद उलटा केला. "अरेरे, मागे कोणीतरी लिहिलंय. पण काळजी नको, पेन्सिल आहे. आमच्याकडचे लोक अलगद काढतात. डागसुद्धा राहणार नाही."

मी गठ्ठा ओढून घ्यायला हात पुढे केला.

त्याआधीच ग्लेबने तो कागद हातात घेतला. वाचला. दुसरा उलटला, वाचला. "हे कोणाचं?"

"येफिमचं," मी म्हटलं. "आवाज गेल्यानंतरचं."

तो उठूनच उभा राहिला. "उल्याना, काही पुसायचं नाही! हे छताला टांगायचे, दोऱ्यांनी, दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत! एका बाजूला सरकारी आवाज, दुसऱ्या बाजूला ज्याला आवाजच नाही तो माणूस! अरे, हे माझ्या कामापेक्षा मोठं आहे. लोक त्यांच्यामधून चालतील, वाचतील..."

"काय वाचतील?" मी विचारलं.

"सगळं!"

"'आज पोट साफ झालं नाही' हे वाचतील? 'रिम्मा, तू मूर्ख आहेस आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाचतील? तिकीट काढून?" माझा आवाज शेजारी गेला असणार. "माझा नवरा म्हणजे काय तुझी कलाकृती वाटली का रे? तीस वर्षांत एकदा त्याच्या थडग्यावर आलास? ठेव खाली! ठेव म्हणते ना!"

ग्लेबने कागद खाली ठेवला. उल्याना हळूच म्हणाली, "रिम्मा सावेल्येव्ना, संग्रहालयात ते सुरक्षित राहतील. तुम्हाला हवं तेव्हा अर्ज करून बघता येतील."

"माझ्या नवऱ्याशी बोलायला मी अर्ज करू?" मी त्यांच्या केकचा डबा त्यांच्या हातात दिला आणि दार उघडलं.

ते गेले आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. पण खिशात तो कागद होता. तो मला मुकाट बसू देईना. बिचाऱ्याकडे दुसरं काही नाही. खरंच नव्हतं. तीस वर्षं लोक ज्या कामासाठी त्याला ओळखत होते, ते काम कोणी पाहिलेलंच नव्हतं. एका टीकाकाराने तर छापलंसुद्धा होतं की असल्या नोटिसा कधी लागल्याच नसतील, लुकोश्किनने परदेशी लोकांना थाप मारली. आणि पुरावा माझ्या रजयांखाली.

आठवडाभर मी जेवले तशी जेवले, झोपले तशी झोपले. रोज चार कागद काढायचे, वाचायचे, उत्तर द्यायचे, परत ठेवायचे. आठव्या दिवशी सकाळी गठ्ठा एप्रनच्या नाडीने बांधला, चाकाच्या पिशवीत घातला आणि मेट्रोने ग्लेबच्या घरी गेले. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं.

त्याने दार उघडलं. मोजे फाटके, टेबलावर कालचं दलियाचं भांडं. मी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि खिशातला कागद त्याच्यासमोर धरला. "वाच."

त्याने चष्मा लावून वाचला. खूप वेळ लावला. "यांना मी... मी नीट ओळखतही नव्हतो त्यांना. त्यांनी माझा एवढा विचार का करावा?"

"तू त्याला ओळखत नव्हतास. तो तुला ओळखायचा. चौदा मेला तो पहाटपाळी करून आला, दारावरची नोटीस वाचली आणि म्हणाला, वा, पाणी आहे. मी बादल्या भरत होते. मला म्हणाला, अगं काय करतेस, लिहिलंय ना, राहील म्हणून. आणि तासभर टबात पडून गाणी म्हणत बसला. सगळ्या इमारतीत एकटाच. मी त्याला वेड्यात काढलं."

ग्लेब खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मला कोणी कधीच सांगितलं नाही."

"कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं."

"सदतीस वर्षं मला वाटत होतं, एकानेही विश्वास ठेवला नाही. मी त्याच्यावर भाषणं दिली, रिम्मा सावेल्येव्ना. एक पुस्तक लिहिलं." त्याने दाढीवरून हात फिरवला. "आणि हा माणूस गरम पाण्यात गात होता."

"बेसूर गायचा," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं. त्याने मला पाणी दिलं. मग मी नाक पुसून म्हटलं, "घे आता. दोन्ही बाजू टांग, नाहीतर पुसून टाक, काय करायचं ते कर. मी शब्द दिला होता."

"मिळाले," तो म्हणाला. "तीनशे बारा. पोच लिहून देऊ?"

"दे. मी कचेरीतली बाई आहे."

त्याने खरोखर पोच लिहिली, तारीख घातली, सही केली. मग माझ्या हातातला तो एक कागद घेतला, उलटा करून पुढची बाजू बघितली. "पाणी नेहमीप्रमाणे" होती, चौदा मेची, माझा शिक्का असलेली. त्याने ती बाजूला ठेवली आणि बाकीच्या गठ्ठ्याची नाडी परत बांधली, घट्ट, दोन गाठी मारून. गठ्ठा माझ्या पिशवीत घातला.

"हा एक मला द्या. बाकीचे माझेच आहेत, पोच तुमच्याकडे आहे. पण ते तुमच्याकडे राहतील."

"आणि तुझं प्रदर्शन?"

"एका कागदाचं होईल."

"ती पोरगी ओरडेल."

"ओरडू दे. तिचा आवाज शाबूत आहे, माझे कानही."

ती ओरडलीच म्हणे. एक परदेशी संग्रहालय सगळी मालिका घ्यायला तयार झालं होतं; त्यांनी अंग काढून घेतलं. तो टीकाकार पुन्हा लिहिता झाला: तीनशे कुठे, एक कुठे. ग्लेबने कोणालाही उत्तर दिलं नाही.

सप्टेंबरात उद्घाटन झालं. मी निळा ड्रेस घातला, केस सेट करून घेतले. पहिल्याच दालनात, अख्ख्या भिंतीवर, एक चौकट. चौकट ग्लेबने स्वतः केली होती आणि मागून जाड पुठ्ठा लावून, चिकटपट्टीने बंद करून आणली होती. लोक येत होते, वाचत होते, काही जण हसत होते. ग्लेब माझ्याशेजारी सूट घालून उभा होता, गळ्याला टाय काचत होता.

तेवढ्यात उल्याना फायली घेऊन आली. घाईत होती. "ग्लेब अनिसिमोविच, नोंदवहीत एक रकाना राहिलाय. चौकट तुम्ही सील करून दिलीत, आमच्या लोकांनी उघडली नाही. कागदाच्या मागच्या बाजूला काही मजकूर, खुणा, हस्ताक्षर?"

ग्लेबने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. सदतीस वर्षं मी या माणसाला ओळखते. त्याने एकही खोटं वाक्य कधी कुठे लावलं नाही, त्यासाठी बदली पत्करली, चौकशीत सहा तास उभा राहिला, तरी लावलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "मागची बाजू कोरी आहे."

"नक्की?"

"नक्की. लिहा."

उल्यानाने लिहिलं, खाली त्याची सही घेतली आणि गेली.

मी भिंतीजवळच्या बाकावर बसले आणि रडले, मोठ्याने, लाजलज्जा सोडून. लोक वळून बघायला लागले. एका तरुण बाईने वाकून विचारलं, "आजी, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"त्यांना रडू द्या," ग्लेब म्हणाला आणि माझ्या शेजारी बसला.